मातीविना मळा आणि पाण्याचा ताळेबंद

यवतमाळ, प्रतिनिधी

काळ्या कसदार जमिनीचा आणि पांढऱ्या सोन्याचा जिल्हा अशी ज्याची ओळख, त्या यवतमाळात मातीविना भाजी पिकविण्याची चर्चा व्हावी, हा वरवर पाहता विरोधाभासच म्हणावा लागेल. हरितक्रांतीचे महाराष्ट्रातील शिल्पकार वसंतराव नाईक हे याच जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. अशा जिल्ह्यातील शहरी माणसाला घराच्या गच्चीवर, प्लास्टिकच्या नळ्यांतून वाहणाऱ्या पाण्यावर पालक आणि कोथिंबीर वाढवावीशी का वाटावी, या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन कटू आठवणींपाशी थांबावे लागते.

पहिली आठवण २०१७ सालची. त्या वर्षी पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना जिल्ह्यातील आठशेहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि त्यांतील वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील खाटा तेव्हा कशा भरून गेल्या होत्या, हे शहराने जवळून पाहिले. शेतात काय फवारले जाते, हा प्रश्न त्यानंतर केवळ शेतकऱ्यापुरता उरला नाही. भाजीबाजारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या ग्राहकाच्याही मनात तो घर करून बसला. दुसरी आठवण त्याच्या लगेच पुढच्या, २०१८ च्या उन्हाळ्याची. शहराला पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही प्रकल्प आटले, नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले आणि टँकरमागे धावणे हा दिनक्रम होऊन बसला.

विषाची धास्ती आणि पाण्याची चणचण, या दोन्हींवर एकच उतारा म्हणून आज हायड्रोपोनिक्स, अर्थात मातीविना शेती, शहरी वाचकापुढे ठेवली जाते. ‘विषमुक्त भाजी, नव्वद टक्के पाण्याची बचत, जागा जेमतेम एका पलंगाएवढी’ अशा आशयाच्या जाहिराती सर्वत्र दिसतात. हा दावा पूर्णतः खोटा नाही. पण तो पूर्णही नाही. यवतमाळसारख्या शहरात तो कुठे टिकतो आणि कुठे कोसळतो, हे तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

तंत्र नवे नाही

मातीविना रोप वाढविता येते, हे विज्ञानाला ठाऊक होऊन दीड शतक उलटले. जर्मनीतील युलियस फॉन झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी १८६० च्या दशकात निव्वळ क्षारयुक्त पाण्यावर वनस्पती वाढवून दाखविल्या. त्यांचा हेतू भाजी पिकविण्याचा नव्हता. झाडाला नेमकी कोणती द्रव्ये लागतात, हे त्यांना शोधायचे होते. या प्रयोगशाळेतील पद्धतीला शेतीचे रूप देण्याचा प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिके यांनी १९३० च्या आसपास केला. त्यांनी वाढविलेल्या टोमॅटोच्या उंच वेलींची छायाचित्रे जगभर गाजली आणि १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हा शब्द रूढ झाला. प्रशांत महासागरातील वेक या ओसाड बेटावर थांबणाऱ्या विमानप्रवाशांसाठी याच पद्धतीने ताजी भाजी पिकविण्यात आली.

तथापि, त्याच विद्यापीठातील डेनिस होगलँड आणि डॅनियल आर्नन यांनी १९३८ मध्ये या गाजावाजाची कसून तपासणी केली आणि काढलेला निष्कर्ष आजही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. प्रकाश, हवामान आणि अन्नद्रव्ये सारखी असतील, तर पाण्यातील पीक चांगल्या जमिनीतील पिकापेक्षा काही चमत्कारिक उत्पादन देत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे माती नसणे हा या पद्धतीचा गुण नव्हे. जिथे माती नाही, किंवा आहे ती उपयोगाची नाही, तिथे पर्याय उपलब्ध होणे, हा तिचा खरा गुण.

भारतालाही हे तंत्र अपरिचित नाही. जे. शोल्टो डग्लस यांनी १९४६ मध्ये बंगालमधील कालिम्पाँग येथे या पद्धतीचे प्रयोग सुरू केले आणि महागडी यंत्रसामग्री टाळून खडी-वाळूच्या वाफ्यांवर आधारलेली ‘बंगाल पद्धत’ पुस्तकरूपाने मांडली. सामान्य माणसाला झेपेल इतके साधे आणि स्वस्त तंत्र, हा त्यांचा आग्रह होता. आज बाजारात मिळणाऱ्या चकचकीत संचांकडे पाहिले, तर हा आग्रह कुठेतरी हरवल्याचे जाणवते.

मातीचे काम माणसाच्या अंगावर

झाडाला सतरा मूलद्रव्यांची गरज असते. त्यांपैकी कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा व पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा मातीतून येतात. मातीविना शेतीत ही चौदा द्रव्ये पाण्यात विरघळवून थेट मुळांना दिली जातात. कधी उथळ नळ्यांतून द्रावण फिरते, कधी मुळे हवा खेळविलेल्या टाकीत बुडालेली असतात, तर कधी नारळाच्या भुशाच्या, म्हणजे कोकोपीटच्या पिशवीत रोप उभे राहते. हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तर पंपही लागत नाही. झाकलेल्या डब्यातील द्रावण रोप हळूहळू शोषून घेते, पातळी खाली जाते आणि मधल्या मोकळ्या जागेत मुळांना हवा मिळते.

ऐकायला हे सोपे वाटते. परंतु माती ही केवळ रोपाला उभे धरणारी वस्तू नाही. खत जास्त झाले तर ते काही काळ धरून ठेवणे, पाणी कमी पडले तर ओलावा राखणे, सामूतील चढउतार सावरणे, ही कामे माती निमूटपणे करीत असते. तिला बाजूला सारले की ही सगळी जबाबदारी माणसाच्या अंगावर येऊन पडते. द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ ते ६.५ च्या दरम्यान ठेवावा लागतो. क्षारांचे प्रमाण विद्युतवाहकतेवरून मोजावे लागते. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट असलेली खते तीव्र स्वरूपात एकत्र केली, तर साका बसून ती वाया जातात. म्हणून ती दोन वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवावी लागतात.

कृषी सेवा केंद्रातून आणलेले १९:१९:१९ हे विद्राव्य खत पाण्यात टाकले की झाले, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः या खतातील नत्राचा मोठा वाटा युरियाच्या स्वरूपात असतो. मातीतील जिवाणू युरियाचे रूपांतर करून तो झाडाला उपलब्ध करून देतात. स्वच्छ नळीत ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय या खतात कॅल्शियम नसते. परिणामी रोपे पिवळी पडतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

बचत शेताची, खर्च घरच्या टाकीचा

आता पाण्याच्या बचतीकडे वळू. या संदर्भात सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. लेट्यूस या सॅलडच्या भाजीचा एक किलो पिकविण्यासाठी खुल्या शेतात सुमारे २५० लिटर, तर हायड्रोपोनिक हरितगृहात सुमारे २० लिटर पाणी लागते, असा त्यांचा हिशेब होता. दर चौरस मीटरमागे वार्षिक उत्पादनही शेतातील सुमारे ४ किलोंच्या तुलनेत ४१ किलो निघाले. नव्वद टक्के बचतीचा दावा इथूनच येतो.

मात्र त्याच अभ्यासातील तिसरा आकडा जाहिरातींत सहसा आढळत नाही. एक किलो लेट्यूससाठी शेतात सुमारे १,१०० किलोज्यूल, तर हरितगृहात सुमारे ९०,००० किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडली. विजेच्या भाषेत सांगायचे, तर एका किलोमागे जवळपास २५ युनिट. यांतील बहुतांश ऊर्जा हरितगृह थंड किंवा उबदार राखण्यासाठी आणि कृत्रिम प्रकाशासाठी होती. गच्चीवर उघड्यावर ठेवलेल्या संचाला एवढी वीज लागत नाही, हे खरे. पाच वॅटचा हवेचा पंप अहोरात्र चालला तरी महिन्याला चार युनिटच्या आतच राहतो. पण मग त्या हरितगृहातील उत्पादनाचा आकडा गच्चीला लावण्याचाही अधिकार आपल्याला उरत नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. ही बचत शेताच्या तुलनेत होते. पण ती ज्या घरात केली जाते, त्या घराच्या टाकीतून मात्र पाणी जादाच जाते. बाजारातून आणलेल्या पालकाच्या जुडीचे पाणी कुठल्यातरी मळ्यातील विहिरीतून आलेले असते. तीच जुडी गच्चीवर पिकविली की तिचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या नळातून, म्हणजे पिण्याच्या वाट्यातून येते. ज्या शहराने २०१८ चा उन्हाळा पाहिला, त्याने हा फरक नजरेआड करू नये.

अर्थात, हे जादा पाणी किती, याचाही साधा हिशेब मांडता येतो. चाळीस रोपांचा संच धरू. हिवाळ्यात एका पालेभाजीच्या रोपाने दिवसाला सरासरी १०० मिलिलिटर पाणी घेतले, असे मानले तर दिवसाचे ४ लिटर होतात. चाळीस दिवसांत एका रोपामागे १०० ग्रॅम भाजी मिळाली, तर एकूण ४ किलो भाजीला १६० लिटर, म्हणजे किलोला ४० लिटर पाणी लागले. विदर्भातील घरोघरी उन्हाळ्यात चालणारा कूलर एका दिवसात कित्येक बादल्या पाणी पितो, हे लक्षात घेतले तर चार लिटर हा काही मोठा आकडा नव्हे. खरी अडचण पाण्याच्या प्रमाणापेक्षा त्याच्या वेळेची आणि दर्जाची आहे.

वैशाखातील नळ्या

यवतमाळचा पारा एप्रिल-मे महिन्यांत ४३-४४ अंशांपर्यंत सहज जातो. गच्चीवरील प्लास्टिकच्या नळीतील पाणी अशा वेळी हाताला चटका देण्याइतके तापते. पालेभाज्यांच्या मुळांना साधारण १८ ते २४ अंश तापमानाचे द्रावण मानवते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. वीस अंश तापमानाला एका लिटरमध्ये जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, पस्तीस अंशांना तो सुमारे ७ मिलिग्रॅमवर येतो. नेमक्या त्याच वेळी मुळांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते आणि मुळे कुजविणारी बुरशी जोर धरते. त्यात वीज गेली आणि फिरते पाणी थांबले, तर उथळ नळीतील रोपे काही तासांतच माना टाकतात. जमिनीतील रोपाला ओलाव्याचा आधार असतो. नळीतील रोपाला तसा कोणताच आधार नसतो.

हा अनुभव अनेक हौशी बागायतदारांचा उत्साह पहिल्याच उन्हाळ्यात मावळण्यास कारणीभूत ठरतो. म्हणून विदर्भात या पद्धतीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी असाच मानणे शहाणपणाचे. पालक, मेथी, पुदिना, आंबटचुका, आणि वऱ्हाडी बोलीत जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, एवढीच यादी सुरुवातीस पुरे. भरताची वांगी गच्चीवरच्या नळीत पिकविण्याच्या फंदात नवख्याने पडू नये; फळभाज्यांना अधिक द्रावण, अधिक आधार आणि अधिक काळ लागतो.

कठीण पाणी, नायट्रेटचा पेच

दर्जाचा प्रश्न याहून गंभीर आहे. जिल्ह्याचा मोठा भाग बेसाल्ट खडकावर वसलेला असल्याने विहिरी आणि कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. अशा पाण्यातील बायकार्बोनेट द्रावणाचा सामू सतत वर ढकलते आणि लोह पाण्यात असूनही मुळांना मिळेनासे होते. जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याची समस्याही जुनीच आहे. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेले पाणी नळ्यांसाठी वापरावे, असा सल्ला काही जण देतात. तो साफ चुकीचा आहे, कारण गाळणीने वेगळे काढलेले सारे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात देशातील नायट्रेटग्रस्त जिल्ह्यांच्या अग्रभागी जी नावे आली, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड आणि जळगाव यांच्यासोबत यवतमाळही होते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. रासायनिक खतांचा बेसुमार वापर, जनावरांचे मलमूत्र आणि सांडपाणी ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता अशा पाण्याने घटू शकते, हे वैद्यकशास्त्राने फार पूर्वी नोंदविले आहे.

मातीविना शेतीचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. कारण तिचे द्रावण म्हणजे मुख्यत्वे नायट्रेटचेच पाणी. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या साधारण दहापट किंवा त्याहून अधिक नायट्रेट त्यात असते. दर दोन-तीन आठवड्यांनी असे वीस लिटर जुने द्रावण मोरीत किंवा अंगणातील शोषखड्ड्यात ओतले, तर सुमारे २०० लिटर शुद्ध पाणी धोक्याच्या रेषेपर्यंत नेण्यास ते पुरेसे ठरते. एका घराचा हिशेब किरकोळ वाटेल. पण शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीकडे बोट दाखविणाऱ्या शहराने स्वतःच्या गच्चीवरून तेच खाली सोडावे, हे न्यायाला धरून नाही. जुने द्रावण पातळ करून कुंड्यांतील झाडांना किंवा अंगणातील केळी-पपईला थोडे थोडे घालणे, हाच त्यावरील साधा उपाय.

विषमुक्त म्हणजे काय?

‘विषमुक्त’ या शब्दाचाही उलगडा व्हायला हवा. मातीतून येणारे काही रोग आणि तण या पद्धतीत टळतात. घरी पिकविताना फवारणी करायची की नाही, हे आपल्याच हाती असते. कीटकनाशकाचे अवशेष पोटात जाण्याची भीती त्यामुळे खरोखरच कमी होते आणि हा लाभ लहान नाही. परंतु मावा, पांढरी माशी आणि तुडतुडे गच्चीवरही येतात. मातीशी त्यांचे काही देणेघेणे नसते.

शिवाय ही भाजी ‘सेंद्रिय’ नव्हे. तिचे सारे पोषण रासायनिक क्षारांवर होते आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार अशा मातीविना पिकविलेल्या भाजीला सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पालकासारख्या भाज्या गरजेपेक्षा जास्त नायट्रेट पानांत साठवून ठेवतात. विशेषतः प्रकाश अपुरा असेल तर. ताज्या पालकात किलोमागे ३,५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, अशी मर्यादा युरोपीय संघाने घातली आहे. इमारतींच्या सावलीत दडलेल्या बाल्कनीत, भरपूर खताच्या द्रावणावर वाढलेला हिरवागार पालक दिसायला देखणा असला, तरी त्यात नायट्रेट अधिक असण्याची शक्यता असते. काढणीपूर्वी दोन-तीन दिवस रोपांना निव्वळ पाण्यावर ठेवणे आणि सकाळऐवजी दुपार कलल्यावर, पुरेसा प्रकाश मिळाल्यानंतर पाने खुडणे, या दोन सवयींनी हे प्रमाण कमी करता येते.

वजनाचा भुलावा

या तंत्राचे नाव महाराष्ट्र आणि गोव्यातील अनेकांनी पहिल्यांदा ऐकले ते भाजीच्या नव्हे, तर चाऱ्याच्या निमित्ताने. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या गोव्यातील संस्थेने हायड्रोपोनिक मका चाऱ्यावर संशोधन केले आणि दुष्काळाच्या वर्षांत राज्यातील अनेक पशुपालकांनी ट्रेमधील हिरव्या चाऱ्याचा प्रयोग करून पाहिला. एक किलो मक्यापासून आठवड्याभरात पाच ते सहा किलो चारा मिळतो, हे खरे आहे. पण त्यात बहुतांश पाणी असते. एक किलो दाण्यात सुमारे ९०० ग्रॅम शुष्क पदार्थ असतो. साडेपाच किलो चाऱ्यात तो १४ टक्के धरला, तर भरतो ७७० ग्रॅम. म्हणजे वजन पाचपट झाले, तरी अन्न किंचित घटलेच. हिरव्या, पचायला हलक्या चाऱ्याचा पूरक आहार म्हणून त्याला महत्त्व आहे. मात्र ‘एकाचे पाच’ या भाषेत तो विकणे ही दिशाभूल होय.

हीच भाषा गुंतवणुकीच्या योजनांत उतरते, तेव्हा ती अधिक धोकादायक ठरते. ‘संच आम्ही देतो, पीक तुम्ही काढा, माल आम्हीच विकत घेऊ’ हे आश्वासन महाराष्ट्राला नवे नाही. सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरातून २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या कडकनाथ कोंबडी प्रकरणात याच साच्याच्या करारांत अनेक शेतकऱ्यांचे पैसे अडकले. मातीविना शेतीचा व्यावसायिक प्रकल्प उभारू पाहणाऱ्या तरुणाने तंत्राआधी बाजार तपासावा. लेट्यूस आणि बेसिल यांना मुंबई-पुण्यातील हॉटेलांत जी मागणी आहे, ती यवतमाळच्या मंडईत नाही. आणि मेथीच्या जुडीला नळीतली असो वा मळ्यातली, भाव सारखाच मिळतो.

शासकीय धोरणही या दिशेने सरकत आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०२५ मधील सुधारित मार्गदर्शक सूचनांत हायड्रोपोनिक्सला स्थान मिळाले. त्याआधी २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळचाही समावेश होता आणि शेडनेटसारख्या संरक्षित शेतीला त्यातून बळ देण्यात आले. अनुदान मिळणे चांगलेच. पण ज्या जिल्ह्यात कापसाखालचे क्षेत्र लाखो हेक्टरांत मोजले जाते आणि शेती मुख्यतः पावसाच्या भरवशावर चालते, तिथे नळ्यांमधील भाजी हा शेतीच्या अरिष्टावरील तोडगा आहे, असा समज कुणी करून घेऊ नये आणि करूनही देऊ नये.

घरचाच एक जुना मार्ग

मातीविना बाग म्हणजे केवळ नळ्या आणि पंप नव्हेत, हे महाराष्ट्राने स्वतःच्या प्रयोगांतून दाखवून दिले आहे. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून पालापाचोळा, उसाचे चिपाड आणि स्वयंपाकघरातील ओला कचरा यांपासून शहरी गच्चीवर पीक घेण्याची दृष्टी दिली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास सुरू केलेली बाग याच विचारातून फुलली. उपाहारगृहातील ओला कचरा तिथेच जिरवून त्यावर फळभाज्या पिकविण्यात आल्या.

ही पद्धत हायड्रोपोनिक्सच्या शास्त्रीय व्याख्येत बसत नाही. परंतु गच्चीवर वजन कमी, मातीची गरज नगण्य, विजेची तर नाहीच, आणि चूक पोटात घालण्याची जी क्षमता मातीत असते, ती पाचोळ्याच्या थरातही बऱ्याच अंशी येते. यवतमाळात तर कच्च्या मालाची वानवा नाही. सोयाबीन-तुरीचे कुटार, बारीक केलेली पऱ्हाटी आणि झाडांचा पालापाचोळा हंगामानंतर मुबलक मिळतो आणि बराचसा जाळून टाकला जातो. तो नीट कुजवून वापरला, तर दूरवरून आणलेल्या कोकोपीटची गरजही कमी होईल. ज्याला रोज सामू मोजण्याची हौस वा सवड नाही, त्याच्यासाठी हा मार्ग अधिक भरवशाचा.

आधी टाकी, मग नळी

तरीही ज्याला नळ्यांचाच प्रयोग करायचा आहे, त्याने संच विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट करावी. जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरच्या छतावरून, गळती आणि बाष्पीभवन वजा जाता, हंगामात ३० हजार लिटरहून अधिक पाणी वाहून जाते. चाळीस रोपांच्या संचाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पाच महिन्यांत रोजचे ४ लिटर धरून ६०० लिटर आणि द्रावण बदलण्यासाठी तीनेकशे लिटर, असे हजार लिटरच्या आत पाणी लागेल. म्हणजे पावसाळ्याअखेर भरून, झाकून ठेवलेली हजार लिटरची एक टाकी संपूर्ण हंगाम निभावून नेते आणि पिण्याच्या पाण्याला हात लावावा लागत नाही. पावसाचे पाणी मऊ असल्याने जड पाण्याचा पेचही सुटतो. फक्त त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खतांतून पुरवावे लागते. टाकी आणि डबे घट्ट झाकलेले असावेत, अन्यथा भाजीआधी डेंग्यूच्या डासांचे पीक येईल. क्रॅटकी यांच्या पद्धतीचे चार-सहा डबे हा नवख्यासाठी सर्वांत कमी खर्चाचा आरंभ. एक हंगाम ते जमले, तरच पंप आणि नळ्यांकडे वळावे.

या साऱ्या खटाटोपातून शहरी कुटुंबाला काय मिळते? आठवड्याला दोन-चार जुड्या ताजी भाजी, मुलांना डोळ्यांपुढे वाढणारे मूळ, आणि त्याहून मोलाची एक जाणीव. एका पालकाच्या रोपाला किती पाणी, किती खत लागते, हे ज्याने स्वतः मोजले, त्याला पावसाच्या एका खंडाने शेतकऱ्याचे काय होते, हे निराळे सांगावे लागत नाही. मोजून पाणी आणि मोजून खत देण्याचा हा धडा ठिबकद्वारे शेतातही उतरू शकतो. किंबहुना या तंत्राची जिल्ह्याला खरी देणगी तीच ठरेल.

मात्र गच्चीवर पिकलेली जुडी स्वच्छ आहे म्हणून शेतावरचा प्रश्न सुटत नाही. २०१७ मध्ये ज्यांचे प्राण गेले, ते भाजी खाऊन गेले नव्हते. ते पाठीवर पंप घेऊन, पुरेशा संरक्षक साधनांविना दाटलेल्या कपाशीत फवारणी करीत होते. शहराने आपल्यापुरती विषमुक्त भाजी पिकवून शेताकडे पाठ फिरविली, तर त्या माणसांना त्याचा काहीच उपयोग नाही. गच्चीवरील नळीतले पाणी मोजणाऱ्या हातांनी शेतातील औषधाचा, मास्कचा आणि मजुराच्या जिवाचाही हिशेब मागितला, तरच हा बिनमातीचा मळा यवतमाळच्या मातीच्या उपयोगी पडला असे म्हणता येईल.